येसूबाईंची पॉवर किती?

हल्लीच्या मुलांना सगळ्याच गोष्टींचा क्रम लावायचा असतो. बॅट्समनचा लावतील, मोबाइलचा लावतील, पेणपासून रोह्यापर्यंत कुठला वडापाव पहिला आणि कुठला दुसरा तेही सांगतील. आमची नात नववीत आहे. तिचा लाडका क्रम म्हणजे ॲनिमेमधल्या पात्रांच्या ताकदीचा. (माझ्या वयाच्या नातेवाइकांसाठी सांगते, ॲनिमे म्हणजे जपानी कार्टून मालिका. पण कार्टून म्हटलेलं ह्या मुलांना अजिबात खपत नाही.) तिने मला प्रश्न घातला, "आजी, तू एवढी वर्षं इतिहास शिकवलास. आपल्याकडच्या राण्यांमध्ये त्सुनादेच्या तोडीची पॉवरफुल कोण?"

आता ही त्सुनादे कोण ते कळल्याशिवाय उत्तर कसं देणार? तेव्हा मी तिच्याबरोबर बसून 'नारुतो' नावाची ती मालिका बघितली. सगळी नाही, शेकडो भाग आहेत. पण तिने निवडून दिलेले भाग मी नीट, थांबवून थांबवून, शंका विचारत बघितले. मी ताराबाईंचं नाव घेईन, नाहीतर अहिल्याबाईंचं, असं तिला वाटलं असणार. मी येसूबाईंचं नाव घेतलं. ते का, हे सांगण्यासाठी आजचा लेख.

आधी त्सुनादेची ओळख करून देते. मासाशी किशिमोतो ह्या जपानी चित्रकाराची ही कथा. १९९९ ते २०१४ अशी पंधरा वर्षं ती तिकडच्या साप्ताहिकात चित्रकथा म्हणून येत होती, आणि २००२ पासून तिची टीव्ही मालिका झाली. कोनोहा नावाचं एक गाव आहे, झाडापानांत दडलेलं. गाव म्हणायचं, पण ते जवळजवळ एक राज्यच. त्याच्या प्रमुखाला 'होकागे' म्हणतात. पहिल्या होकागेची नात ती त्सुनादे. ती पुढे पाचवी होकागे होते, आणि त्या गादीवर बसलेली ती पहिली बाई.

तिची ताकद काय विचारता? एका बोटाने जमीन फोडते. शिवाय ती वैद्य आहे, त्या जगातली सर्वात मोठी. पण बाई अगदी माणसासारखी माणूस आहे. जुगार खेळते आणि दर वेळी हरते. दारू पिते. पन्नाशी उलटलेली, पण विद्येच्या जोरावर तरुण दिसते. तिचा धाकटा भाऊ लढाईत गेला, ज्याच्यावर जीव होता तो माणूसही डोळ्यांदेखत गेला, तेव्हापासून रक्त बघितलं की तिला कापरं भरतं. होकागे व्हा म्हणून बोलावणं येतं तेव्हा ती आधी साफ नाही म्हणते. तिच्या कपाळावर एक छोटी निळसर चौकट आहे, आपल्याकडे जुन्या बायकांच्या कपाळावर गोंदण असायचं तशी. त्या खुणेत तिने वर्षानुवर्षं आपली शक्ती थोडी थोडी साठवून ठेवलेली असते. त्या शक्तीला ते 'चक्रा' म्हणतात. शब्द ओळखीचा वाटला ना? मूळ आपलाच.

आता तिचा सर्वात मोठा प्रसंग. पेन नावाचा शत्रू कोनोहावर चालून येतो. त्याला नारुतो हा मुलगा हवा आहे. नारुतो त्या वेळी गावात नाही, दूर डोंगरावर विद्या शिकतो आहे. पेन त्सुनादेसमोर येऊन उभा राहतो आणि विचारतो, तो कुठे आहे? ती सांगत नाही. पेन अख्खं गाव एका तडाख्यात उद्ध्वस्त करतो. त्या क्षणी त्सुनादे पेनवर धावून जात नाही. कपाळावरच्या त्या चौकटीत साठवलेली सगळी शक्ती ती गावातल्या माणसांना वाचवण्यात ओतते. घरं जातात, माणसं वाचतात. तिच्या कपाळावरची खूण पुसली जाते, ती क्षणात म्हातारी दिसायला लागते आणि बेशुद्ध होऊन पडते.

हा भाग बघताना मला रायगड आठवला. १६८९ सालचा.

येसूबाई म्हणजे शृंगारपूरच्या पिलाजीराव शिर्क्यांची मुलगी. शिवाजी महाराजांची थोरली सून. आपल्याकडच्या माणसाला त्या अधिक जवळच्या वाटाव्यात असं एक कारण आहे. त्यांचा मुलगा शाहू ह्याचा जन्म १८ मे १६८२ रोजी आपल्या माणगावजवळच्या गांगवलीला झाला. रोह्याहून कोलाडवरून महाडला जाताना माणगाव लागतं. त्या रस्त्याने आपण किती वेळा गेलो असू, पण गांगवलीची आठवण कितीजण काढतात?

संभाजीराजांचा राज्याभिषेक जानेवारी १६८१ मध्ये रायगडावर झाला. पुढची आठ वर्षं राजे बहुतेक मोहिमांवरच होते. एकीकडे औरंगजेब स्वतः दख्खनेत उतरलेला, दुसरीकडे जंजिऱ्याचा सिद्दी, तिसरीकडे गोव्याचे पोर्तुगीज. अशा वेळी मागे राजधानीत कारभार बघायला भरवशाचं माणूस लागतं. राजांनी तो अधिकार येसूबाईंना दिला. 'श्री सखी राज्ञी जयति' असा त्यांचा शिक्का होता. त्या शिक्क्यातला 'राज्ञी' हा शब्द लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम आहे.

१ फेब्रुवारी १६८९ ला संगमेश्वरला मुकर्रबखानाने संभाजीराजांना पकडलं. ११ मार्चला तुळापूरला त्यांना हाल हाल करून मारण्यात आलं. हे आपण सगळे जाणतो, त्यावर २०२५ मध्ये 'छावा' चित्रपटही आला आणि थिएटरात लोक ओक्साबोक्शी रडले. चित्रपट तिथे संपतो. पण रायगडावरच्या माणसांचं काय झालं असेल? राजा नाही. मोगलांची फौज गडाकडे निघालेली. आत तिशीच्या आसपासची राणी, तिचा सात वर्षांचा मुलगा आणि एकोणीस वर्षांचा दीर राजाराम.

गादीवर कोणाला बसवायचं हा पहिला प्रश्न. थोरल्या पातीचा वारस म्हणजे शाहू, येसूबाईंचा स्वतःचा मुलगा. त्याला गादीवर बसवून त्याच्या नावाने आईने कारभार करायचा, ही जगभरच्या राजघराण्यांतली नेहमीची वाट. शिवाय इथे एक जुनी जखम होती. १६८० मध्ये महाराज गेल्यावर काही मंत्र्यांनी संभाजीराजांना बाजूला ठेवून दहा वर्षांच्या राजारामालाच गादीवर बसवलं होतं. म्हणजे ज्याचं नाव पुढे करून नवऱ्याचा हक्क डावलला गेला, तोच हा दीर. त्या पोराचा दोष काही नव्हता हे खरं. पण घरात असं काही घडलं की पुढे नऊ वर्षांनी किती घरांत मनं स्वच्छ राहतात? आपल्याकडे विहिरीच्या हिश्शावरून तीन पिढ्या बोलत नाहीत.

येसूबाईंनी राजारामाला पुढे केलं. फेब्रुवारी १६८९ मध्येच, संभाजीराजे जिवंतपणी कैदेत असतानाच, रायगडावर राजारामाचं मंचकारोहण झालं. राज्याला चालता-फिरता, घोड्यावर बसणारा राजा हवा होता, सात वर्षांचा नाही.

दुसरा प्रश्न, आता सगळ्यांनी करायचं काय? औरंगजेबाने असदखान वजिराचा मुलगा इतिकादखान ह्याला रायगडावर पाठवलं. मार्च संपता संपता वेढा पडायला लागला. सगळ्यांनी गडावर राहायचं, तर गड पडला की सगळंच संपलं. राजा, वारस, राणी, सगळे एकाच टोपलीत. सगळ्यांनी निसटायचं, तर बायकामुलं, पालख्या, सामानसुमान घेऊन सह्याद्रीतून जाणारा काफिला किती वेगाने पळणार? आणि गड रिकामा दिसला की शत्रूची फौज मोकळी होऊन मागे लागणार.

मराठी बखरींनी आणि पुढे रियासतकार सरदेसाईंनी ह्या वेळचा सल्ला येसूबाईंचा म्हणून नोंदवला आहे. राजारामाने बाहेर पडावं, गडागडावरून फिरत लढा चालू ठेवावा, आणि आपण शाहूला घेऊन रायगडावर राहू. ५ एप्रिल १६८९ ला राजाराम गडावरून निसटून प्रतापगडाकडे गेले.

आता पुढच्या तारखा शेजारी शेजारी मांडून बघा. मी शाळेत फळ्यावर अशा मांडायची. डावीकडे राजारामाचा प्रवास: एप्रिलमध्ये प्रतापगड, मग पन्हाळा, सप्टेंबरच्या अखेरीला पन्हाळ्याहून निघून वेषांतर करून थेट कर्नाटक ओलांडून, वेल्लोरमार्गे तमिळ मुलखातल्या जिंजीला. तिथे पोचेपर्यंत वर्ष सरत आलेलं. उजवीकडे रायगड: मार्चअखेर वेढा, एप्रिल, मे, मग आपला कोकणातला पाऊस. रोह्यात जुलै महिन्यात चार दिवस सूर्य दिसला नाही तर आपण वैतागतो. त्या गडावर, धुक्यात, ओल्या लाकडांवर चूल पेटवत, मोजून धान्य काढत, चार महिन्यांचा पावसाळा काढला त्यांनी. दसरा-दिवाळीच्या दिवसांत गड मोगलांच्या हाती गेला. म्हणजे राजारामाला दक्षिण गाठायला जेवढे महिने लागले, जवळजवळ तेवढेच महिने रायगड उभा होता. एक मोठी फौज त्या गडाला बांधलेली राहिली. इतिकादखानाला ह्या विजयाबद्दल झुल्फिकारखान हा किताब मिळाला. पुढे हाच झुल्फिकारखान जिंजीला वेढा घालून बसला आणि तो किल्ला घ्यायला त्याला १६९८ साल उजाडलं. तोवर इकडे संताजी-धनाजींनी मोगल छावण्यांची झोप उडवली होती.

नातीला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तिने लगेच अडवलं. "पण आजी, ती हरलीच ना शेवटी? गड दिला तिने. त्सुनादेने गाव दिलं नाही."

प्रश्न योग्य होता. तिच्याच मालिकेतलं उदाहरण मी तिला दिलं. त्या मालिकेत आसुमा नावाचे एक शिक्षक आहेत. ते आपल्या शिष्याबरोबर शोगी खेळतात, म्हणजे जपानी बुद्धिबळ. ते त्याला विचारतात, ह्या पटावर आपला राजा कोण? शिष्य म्हणतो, होकागे. आसुमा म्हणतात, नाही. राजा म्हणजे गावात जन्माला येणारी पुढची मुलं. होकागेसुद्धा त्यांना राखणारं एक प्यादं. मी नातीला म्हटलं, आता हा पट रायगडावर मांड. तिथे गड हा राजा नव्हता. सिंहासनही नव्हतं. स्वराज्य चालू राहणं, हा राजा होता. तो वाचवायला येसूबाईंनी गड पटावर ठेवला, स्वतःला ठेवलं, आणि पोटच्या पोरालाही ठेवलं. खेळ हरला का जिंकला ते गड पडण्यावरून ठरत नाही. औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरला मेला तेव्हा मराठ्यांचं राज्य संपलेलं होतं का, ह्यावरून ठरतं.

त्यावर ती गप्प बसली नाही (आमच्याकडे कोणी बसत नाही!). म्हणाली, "म्हणजे त्याग केला तिने."

आणि इथे मला खरं सांगायचं ते आलं.

शाळेत मी वर्षानुवर्षं उत्तरपत्रिका तपासल्या. येसूबाईंवर टीप आली की शंभरातली नव्वद मुलं एकच शब्द लिहीत, त्यागमूर्ती. मुलांना कोणी शिकवायला लागत नाही, तो शब्द हवेतच असतो. बाईचं नाव आलं की हा शब्द आपोआप पेनातून उतरतो. आता हेच बघा. जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्याहून निसटले तेव्हा बाजीप्रभूंनी घोडखिंड अडवून धरली, महाराज विशाळगडावर पोचेपर्यंत. ते तिथेच पडले. त्यांच्यावर टीप आली की मुलं काय लिहितात? पराक्रम. शौर्य. स्वामिनिष्ठा. बरोबरच आहे. पण काम तर दोघांचं एकच होतं. राजा सुखरूप बाहेर पोचेपर्यंत शत्रूला एका जागी खिळवून ठेवायचं. बाजीप्रभूंनी काही प्रहर ठेवलं, येसूबाईंनी काही महिने. एकाला आपण पराक्रम म्हणतो आणि दुसऱ्याला त्याग. हे कसं काय?

त्या जपानी मालिकेतली एक गोष्ट मला ह्या बाबतीत फार आवडली. त्सुनादेने आपली सगळी शक्ती गावासाठी ओतली, ती मरणाच्या दारात गेली, पण तिला कोणी त्यागमूर्ती म्हणत नाही. आई म्हणून, बहीण म्हणून, बाई म्हणून तिने ते केलं असं कोणी म्हणत नाही. होकागेचं काम आहे ते, तिने केलं, असाच सगळ्यांचा सूर. कोनोहाच्या डोंगरावर सगळ्या होकागेंचे चेहरे कोरलेले आहेत, त्या रांगेत तिचाही चेहरा आहे. चार पुरुषांच्या शेजारी, तेवढाच मोठा.

येसूबाईंचा निर्णय तसाच बघायला हवा. राज्याचा शिक्का हाती असलेल्या माणसाने घेतलेला तो राजकीय निर्णय होता. वारस कोण, फौज कुठे गुंतवायची, राजाने कोणत्या दिशेने जायचं, गड किती काळ लढवायचा आणि कधी द्यायचा, हे सगळे प्रश्न राज्यकर्त्याचे आहेत. त्यात त्यांना काय सोसावं लागलं ते वेगळं. सोसणं मोठं होतं म्हणून निर्णयाची बुद्धी झाकली जाता कामा नये. शिक्क्यावर 'राज्ञी' लिहिलं आहे ते ह्याचसाठी.

आता सोसण्याचंही बोलू. कारण त्सुनादे आणि येसूबाई ह्यांच्यात इथे मोठा फरक पडतो, आणि तो काही येसूबाईंच्या विरुद्ध जात नाही.

त्सुनादे पुढे काही भागांनंतर शुद्धीवर येते. उठल्या उठल्या ढीगभर जेवते. कपाळावरची खूण पुन्हा येते, चेहरा पुन्हा तरुण होतो. गाव पुन्हा बांधलं जातं, मेलेली माणसंसुद्धा परत येतात. गोष्टीत असं करता येतं, आणि मुलांच्या गोष्टीत करावंही.

येसूबाई १६८९ च्या अखेरीला मोगल छावणीत गेल्या आणि परत आल्या १७१९ मध्ये. तीस वर्षं. हा आकडा मी वर्गात सांगायची तेव्हा मुलं नुसती ऐकून घ्यायची. मग मी म्हणायची, तुमच्या आईचं आजचं वय मनात धरा आणि त्यात तीस मिळवा. मग वर्ग शांत व्हायचा.

ह्या तीस वर्षांत काय काय झालं? औरंगजेबाची छावणी म्हणजे चालतं शहर. भीमेकाठी ब्रह्मपुरीला ती काही वर्षं होती, मग १६९९ पासून म्हातारा बादशहा स्वतः एकेक किल्ला घ्यायला निघाला, सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड. आपल्याच सासरचे किल्ले एकेक करून पडल्याच्या बातम्या त्या छावणीत ऐकायच्या. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम गेले. ज्याला बाहेर काढलं तोच गेला. पण पुढे ताराबाई उभ्या राहिल्या आणि सात वर्षं त्यांनी बादशहाला दम घेऊ दिला नाही. एकाने राखायचं, दुसऱ्याने पुढे न्यायचं, अशी ती साखळी. त्यातली एकही कडी निसटली असती तर पुढचं सगळंच वेगळं झालं असतं.

छावणीतच शाहू मोठा झाला. बादशहाने त्याला मनसब दिली, राजा म्हणून वागवलं, आणि नजरेखाली ठेवलं. शत्रूच्या तंबूत वाढणाऱ्या मुलाला तू कोण आहेस हे विसरू न देणं, हेही एक राज्यकारणच. आणि माहेरचा आधार म्हणावा, तर शिर्के वतनाच्या वादातून आधीच मोगलांना जाऊन मिळालेले.

१७०७ मध्ये औरंगजेब गेल्यावर आझमशहाने शाहूला सोडलं. का? तर शाहू दख्खनेत गेला की ताराबाई आणि तो आपसात लढतील, मोगलांचं काम सोपं होईल. ते लढलेही. जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्याला शाहूंचा राज्याभिषेक झाला. आई त्या राज्याभिषेकाला नव्हती. मुलगा सुटला, पण येसूबाई आणि कुटुंबातली इतर माणसं ओलीस म्हणून ठेवून घेतली गेली आणि दिल्लीला नेली गेली. आणखी बारा वर्षं.

त्यांना परत कोणी आणलं? आपल्या श्रीवर्धनच्या माणसाने. बाळाजी विश्वनाथ पेशवे सय्यद बंधूंच्या मदतीला फौज घेऊन दिल्लीला गेले. फर्रुखसियर पदच्युत झाला आणि १७१९ मध्ये स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखी ह्यांच्या सनदा घेऊन पेशवे परतले. बरोबर येसूबाई होत्या. पुस्तकांत सनदांना सविस्तर परिच्छेद मिळतो, आणि येसूबाईंची सुटका त्याच वाक्याच्या शेपटाला येते. खरं तर ज्या स्वराज्याची सनद बादशहाने लिहून दिली, ते शिल्लक राहावं म्हणून तीस वर्षांपूर्वी रायगडावर थांबलेली बाई त्याच काफिल्यातून घरी येत होती. माझ्या मते ही चौथी सनद. त्या साताऱ्याला पोचल्या तेव्हा साठीच्या घरात होत्या. ज्या मुलाला सोडून पंचवीस वर्षांचा असताना निरोप दिला, तो आता छत्रपती होता.

तर ही 'पॉवर' कशी मोजायची? एका बोटाने जमीन फुटण्याशी तिची तुलना होत नाही. पण कपाळावरच्या त्या खुणेशी होते. थोडं थोडं करून वर्षानुवर्षं साठवलेलं बळ एकदाच, योग्य जागी खर्च करायचं, ही ती ताकद. त्सुनादेचं साठवलेलं बळ एका दुपारी खर्ची पडलं आणि भरून आलं. येसूबाईंनी आधी एका दिवसात निर्णय घेतला आणि मग तीस वर्षं रोज त्याची किंमत भरली, आणि निर्णय बदलला नाही. दोघींत वर-खाली लावायचं असेल तर ते मुलांनी लावावं. मी त्या दोघींना एकाच वर्गात बसवते.

माझं बालपण पेणचं आणि संसार रोह्याचा. दोन्हीकडे मी अशी घरं बघितली की पुरुष मुंबईला गिरणीत नाहीतर पेढीवर, आणि मागे बाई. कुळकायदा आला, तलाठ्याकडे खेपा झाल्या, भाताच्या वाटणीचे तंटे झाले, ते सगळं ह्या बायकांनी निस्तरलं. कोणती जमीन सोडायची आणि कोणत्या जमिनीसाठी कोर्टात जायचं हे ठरवलं. मनीऑर्डरीच्या चार शब्दांवर कोणी निर्णय घेत नसतं. पण घराण्याची हकीकत सांगताना आपण काय म्हणतो? "आजोबांनी जमीन राखली आणि आजीने फार सोसलं." मला हे वाक्य खटकतं. आजीनेही राखली. सोसलं ते वेगळं. माझ्या भाच्या-पुतण्यांपैकी जे कोणी घराण्याचा इतिहास लिहून काढताहेत, त्यांनी ह्याचा विचार करावा असं मी मुद्दाम सुचवते.

असो. १९८१ मध्ये आपल्या कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. जिल्ह्याच्या नावातच तो गड आहे, पण गड म्हटला की आपल्याला १६७४ चा राज्याभिषेक आठवतो. आठवायलाच हवा. पुढच्या वेळी मुलांना घेऊन गडावर जाल, पायऱ्यांनी जा नाहीतर रोपवेने जा, तेव्हा राज्यसभा बघून झाली की राणीवशाच्या जोत्यांपाशीही थोडं थांबा. तिथे कोणी फारसं थांबत नाही. मुलांना तारखा सांगा. शिवाजी महाराज, संभाजी महाराज, राजाराम महाराज, ताराबाई, शाहू महाराज, ही यादी त्यांना पाठ असते. त्या यादीत संभाजीराजे आणि राजाराम ह्यांच्या नावांमध्ये एक बारीकशी फट आहे. फेब्रुवारी ते एप्रिल १६८९, जेमतेम दोन महिन्यांची. राज्य त्या फटीतून निसटून जाऊ शकलं असतं. ते गेलं नाही, कारण त्या दोन महिन्यांत कारभार येसूबाईंच्या हाती होता. हे वाक्य मुलांच्या वहीत असंच लिहून द्या. त्याग हा शब्द न वापरता.